दहावीनंतरची अभिक्षमता चाचणी, सात रस्ता, सोलापूर: कुठे चुकू शकतो हे सांगणारा रिपोर्ट

पाचपैकी चार तारे. एक तारा का कापला ते पुढे येईलच. आधी चार कशासाठी दिले ते जरा सविस्तर लिहिते. कारण सध्या सोलापुरात दहावीच्या मुलांच्या आईबापांना दोन प्रकारच्या 'शास्त्रीय' चाचण्या सांगितल्या जातात आणि जाहिराती वाचून दोन्हींतला फरक कळत नाही. एक चाचणी बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगते. दुसरी ही अभिक्षमता (ॲप्टिट्यूड) चाचणी, म्हणजे मुलाची कुठल्या प्रकारची क्षमता किती ते मोजणारी: कागद, पेन्सिल, स्टॉपवॉच आणि समोर मानसशास्त्राच्या मॅडम. पहिली माझ्या भाच्याची झाली, दुसरी माझ्या लेकीची. दोन्ही रिपोर्ट माझ्या टेबलावर शेजारी शेजारी होते, म्हणून हे लिहू शकते.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी पहिल्या पेशंटचं सँपल लावण्याआधी कंट्रोल सीरम, म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत आहे असं सँपल लावायचं, आलेला आकडा लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर (रोजचे आकडे हद्दीत आहेत का ते दाखवणारा तक्ता) टिंब म्हणून टाकायचा आणि टिंब हद्दीबाहेर गेलं तर कारण सापडेपर्यंत रिपोर्ट सोडायचे नाहीत, हे माझं रोजचं काम. कुणी रिपोर्ट म्हणून कागद हातात दिला की माझं लक्ष आधी आकड्यावर जात नाही. तो आकडा कसा काढला, परत काढला तर तोच येईल का, आणि कुणाशी ताडून बघितला, इकडे जातं. हा रिव्ह्यू त्याच नजरेनं लिहिलाय.

केंद्र सात रस्त्याजवळ आहे, पहिल्या मजल्यावर. खाली झेरॉक्सचं दुकान. पार्किंगची बोंब आहे, दुचाकीवर या. आम्ही गेलो तेव्हा फी २,८०० रुपये होती. त्यात सुरुवातीची बैठक, सगळ्या चाचण्या, लेखी रिपोर्ट आणि आईवडिलांबरोबर शेवटची बैठक हे सगळं आलं. पैसे पहिल्या बैठकीनंतर घेतात, हे मला फार आवडलं. आमच्या आधी बसलेल्या एका कुटुंबाला मॅडमनी चाचणी न देताच परत पाठवलं. मुलाचं ठरलेलं होतं, त्याला आयटीआयच करायचं होतं, मार्कही पुरेसे होते. मॅडम त्याच्या वडिलांना म्हणाल्या, "चाचणी घेऊन मी तुम्हाला नवीन काय सांगणार? हे पैसे त्याच्या फीला ठेवा."

चाचण्या सकाळी आठ ते दहा याच वेळेत होतात. आम्हाला आधी वाटलं मॅडमची सोय असेल. पण कारण वेगळं आहे. मे महिन्यातल्या सोलापुरात दुपारी दोनला घामाघूम होऊन सोडवलेला पेपर आणि सकाळी ताज्या डोक्यानं सोडवलेला पेपर एकाच फूटपट्टीवर ठेवता येत नाहीत. मुलाच्या क्षमतेतला फरक मोजायचा असेल तर बाकीच्या गोष्टी सगळ्या मुलांसाठी शक्य तितक्या सारख्या हव्यात. आम्हीसुद्धा उपाशीपोटीची साखर उपाशीपोटीच मागतो. पेपर चालू असताना कूलरही बंद करतात, कारण त्याचा आवाज. पोरांना उकडतं, पण सगळ्यांना सारखंच उकडतं.

सूचना पुस्तिकेतून शब्दन् शब्द वाचून दाखवतात. माझ्या लेकीनं मध्येच विचारलं, "नक्की येत नसेल तर अंदाजानं लिहू का?" मॅडमनी पुस्तिकेतली तीच ओळ पुन्हा वाचली, त्याच सुरात. लेक बाहेर येऊन म्हणाली, "आई, त्या जरा तुटक आहेत गं." तुटक नव्हत्या. चाचणी झाल्यावर त्यांनीच तिला चहा दिला आणि अर्धा तास गप्पा मारल्या. पण पेपर चालू असताना एका मुलीला दोन वाक्यं जास्तीची समजावून सांगितली तर तिचा आकडा बाकीच्यांशी ताडता येत नाही. प्रमाणित चाचणी म्हणजे नुसते छापील प्रश्न नव्हेत. ती देण्याची पद्धतही प्रमाणित असावी लागते.

याचा कस एका सकाळी लागला. खाली मोबाइलच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं. लेकीचा आकडेमोडीचा, वेळ लावून सोडवायचा भाग सुरू होता आणि अचानक हलगी कडाडली. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मॅडमनी स्टॉपवॉच थांबवलं, उत्तरपत्रिका उचलली, तिच्यावर आडवी रेघ मारून 'बाद, बाहेरचा आवाज' असं लिहिलं, तारीख टाकली आणि सही केली. मी म्हटलं, आवाज थांबल्यावर तिथूनच पुढे सोडवू दे की. त्या म्हणाल्या, "नाही. निम्मे प्रश्न तिनं बघितलेत. आता तोच पेपर दिला तर सरावाचे मार्क मिळतील, क्षमतेचे नाही." दुसऱ्या दिवशी त्याच काठिण्याचा समांतर संच दिला. जास्तीचे पैसे घेतले नाहीत. बाद केलेली ती पत्रिका आमच्या फाइलमध्ये अजून आहे. फेकली नाही. फसलेली रन (मशीनवर लावलेल्या चाचण्यांची एक फेरी) आम्हीसुद्धा रजिस्टरमधून खोडत नाही, कारणासकट ठेवतो.

आता माझ्या थोरल्या भावाबद्दल. दादाचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे लूम आहेत. त्याच्या मुलाची ठशांची चाचणी त्यानंच करून घेतली होती, आणि माझं चाललेलं बघून तो वैतागला. "कशाला पैसे घालवायलीस? कागद सोडवून काय कळतंय? त्यांच्याकडं मशीन हाय. माणूस चुकंल, मशीन कशाला चुकंल?" दादाचा हा प्रश्न बरोबर जागी आहे, कारण बहुतेकांना शास्त्र म्हणजे मशीन असंच वाटतं. मानसशास्त्राला प्रयोगशाळा नाही, मन दिसत नाही, मग हे शास्त्र कसलं? माझ्या लेकीला पुढे मानसशास्त्रच घ्यायचंय, म्हणून हा प्रश्न आमच्या घरात रोज जेवताना निघत होता.

प्रयोगशाळा नाही हे तर खरंच नाही. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, आणि आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग १९१६ साली सुरू झाला. हे मला केंद्रातच कळलं. पण तारखांनी दादाचं समाधान झालं नसतं, माझंही झालं नाही. माझं समाधान झालं ते तिथल्या एका साध्या प्रयोगानं. तो सगळा लिहिते, कारण या केंद्रात मला सगळ्यात मोलाचं काही मिळालं असेल तर तेच.

मॅडमकडे पुठ्ठ्याची कार्डं आहेत. एका कार्डावर रंगांची नावं मराठीत, पण शाई चुकीच्या रंगाची: 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत, 'निळा' पिवळ्या शाईत. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग मोठ्यानं सांगायचा. दुसऱ्या कार्डावर नुसते रंगाचे चौकोन. दोन्ही कार्डांना किती वेळ लागतो ते मोजायचं. शब्दांच्या कार्डाला जास्त वेळ लागतो, जीभ अडखळते, कारण वाचता येणाऱ्या माणसाला समोरचा शब्द न वाचणं जमत नाही. हा जॉन रिडली स्ट्रूप यांचा १९३५ चा प्रयोग. तो पुस्तकात असतो. पण मॅडमनी सोलापूर बघून तिसरं कार्ड केलंय: तेच, पण तेलुगू लिपीत.

लेकीची मैत्रीण बरोबर आली होती. घरी तेलुगू बोलते, शाळा मराठी माध्यमाची, तेलुगू वाचता येत नाही. रिसेप्शनवरच्या ताई तेलुगू माध्यमात शिकलेल्या, दोन्ही लिप्या वाचतात. माझ्या लेकीला तेलुगू बोलताही येत नाही नि वाचताही येत नाही. मॅडमनी प्रयोगाआधी एक कागद पुढे केला. "तेलुगू कार्डावर कोण अडखळेल, ते आत्ता लिहा. नंतर नाही." लेकीनं मैत्रिणीचं आणि ताईंचं नाव लिहिलं, कारण दोघींना तेलुगू येतं. मॅडमनी स्वतः फक्त ताईंचं लिहिलं. स्टॉपवॉच लावलं. मराठी कार्डावर तिघीही अडखळल्या. तेलुगू कार्डावर ताई चांगल्याच अडखळल्या, दोनदा रंगच चुकीचा सांगितला. माझी लेक चौकोनांइतक्याच वेगानं सुटली. आणि मैत्रीणही सुटली. तिला ते शब्द कानाला रोजचे आहेत, पण डोळ्यांना ती नुसती नक्षी आहे. म्हणजे अडखळणं भाषा येण्यामुळे नव्हतं, वाचता येण्यामुळे होतं.

मी त्या खुर्चीत बसून बघत होते आणि मला लख्ख दिसलं. मन दिसलं नाही, ते कुणालाच दिसत नाही. पण मनात जे घडतं त्याचा वेळ स्टॉपवॉचवर आला. आधी अंदाज कागदावर उतरला होता. तो चुकण्याची पूर्ण शक्यता होती, आणि दोनपैकी एक अंदाज चुकलाही. तिसऱ्या व्यक्तीनं, म्हणजे मैत्रिणीनं, कारणं वेगळी केली: भाषा बाजूला, लिपी बाजूला. आणि हे कुणीही आपल्या घरी करून बघू शकतं. आमच्या लॅबमधल्या ॲनालायझरला तरी दुसरं काय असतं? मोजता येईल अशी व्याख्या, कंट्रोल, आणि दुसऱ्यानं करून पाहण्याची मुभा. अर्थात तीन बाया म्हणजे पुरावा नव्हे, हेही मॅडमनीच सांगितलं. "हे दाखवण्यापुरतं. खरं म्हणायचं तर पुष्कळ लोकांवर करायला हवं, आणि वेळ मोजणाऱ्याला कुणाला कुठली लिपी येते ते माहीत नसायला हवं." शेवटचं वाक्य मला फार पटलं. पेशंटची हिस्ट्री माहीत असली की स्लाइड वाचणाऱ्याच्या डोळ्यांना तेच दिसायला लागतं, हे मी जवळून बघितलंय.

आता भाच्याचा रिपोर्ट. जाड, रंगीत, स्पायरल बाइंडिंग. कंपनीचं नाव लिहीत नाही, अशा बऱ्याच आहेत आणि रिपोर्ट साधारण एकाच साच्याचे असतात. दहा बोटांचे ठसे घेतले आणि डावा मेंदू किती टक्के, उजवा किती टक्के, आठ प्रकारच्या बुद्धिमत्ता प्रत्येकी किती टक्के, सगळं दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत. संदर्भमर्यादा कुठेच नाही. हा आकडा कुठल्या गटाशी ताडला तेही नाही. त्रुटी किती असू शकते याची एक ओळ नाही. हिमोग्लोबिनच्या शेजारी नॉर्मल रेंज छापली नाही तर पेशंट आम्हाला जाब विचारतो. इथे मुलाच्या आयुष्याची दिशा ठरते आहे आणि रेंज नाही.

ठशांचं शास्त्र खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८९२ मध्ये ठशांवर पुस्तक लिहिलं, हॅरल्ड कमिन्स यांनी १९२६ मध्ये या अभ्यासाला डर्मॅटोग्लिफिक्स हे नाव दिलं, आणि डाउन सिंड्रोमच्या मुलांच्या तळहातावरच्या रेषांचे नमुने वेगळे असू शकतात हे वैद्यकात मान्य आहे. आठ बुद्धिमत्तांची कल्पनाही एका खऱ्या मानसशास्त्रज्ञाची, हॉवर्ड गार्डनर यांची. १९८३ मध्ये त्यांनी सात प्रकार मांडले, आठवा पुढे आला. पण अमुक बोटाच्या ठशावरून अमुक बुद्धिमत्ता, हा मधला पूल कुणी बांधून दाखवलेला नाही. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनं या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर सांगितलंय. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणून त्यांच्यातलं नातं खरं होत नाही.

ठशांच्या कंपनीचा माणूस दादाच्या ऑफिसात आला होता तेव्हा मी मुद्दाम गेले. एकच गोष्ट मागितली. माझ्या ओळखीच्या काही मुलांचे ठसे नाव न लिहिता देते, तुम्ही रिपोर्ट काढा, आणि कुठला रिपोर्ट कुणाचा हे त्यांचे वर्गशिक्षक ओळखू शकतात का ते बघू. तो म्हणाला, "मॅडम, आमच्यात असं करत नाहीत. ठसे जन्मभर बदलत नाहीत, म्हणून रिपोर्टपण बदलत नाही. कधीही काढा, तोच येणार."

तो खरंच बोलत होता आणि गोम तिथेच आहे. पुन्हा पुन्हा तोच आकडा येणं ही विश्वसनीयता झाली. ती हवीच. पण आकडा ज्याचा म्हणून सांगताय त्याचाच आहे का, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मशीन देत नाही. दादाला हे मी त्याच्याच धंद्यातून सांगितलं: टॉवेलची लांबी कितीही अचूक मोजली तरी धुतल्यावर रंग जाईल की नाही ते लांबी सांगत नाही. दादा गप्प बसला, आणि तो सहसा गप्प बसत नाही. त्याचा माल बाहेर जातो, रंग पक्का आहे की नाही यासाठी वेगळी टेस्ट लागते हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मी त्या माणसाकडे मागितलेली चाचणी माझ्या डोक्यातून आलेली नव्हती. पुण्यात २००८ साली जयंत नारळीकरांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर फलज्योतिषाची अशीच परीक्षा घेतली होती. हुशार म्हणून शाळेनं निवडलेली १०० मुलं आणि बौद्धिक अपंगत्व असलेली १०० मुलं, अशा २०० जणांच्या पत्रिका. नावं काढून, सरमिसळ करून प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० दिल्या आणि कुठली पत्रिका कुठल्या गटातली ते सांगायचं. उत्तरं पाठवली २७ जणांनी. सरासरी बरोबर आली ४६ टक्के. नाणं उडवून ५० टक्के बरोबर येतात. परीक्षेआधीच ठरलं होतं की किती बरोबर आली तर दावा मानायचा. ती पट्टी उत्तरं बघून हलवता येणार नव्हती. ठशांचा धंदा करणाऱ्यांनी एवढं एकदा करावं. आकडे चांगले आले तर मी हा रिव्ह्यू स्वतः बदलेन.

भाच्याच्या रिपोर्टमधलं स्वभाववर्णन मात्र वहिनीला तंतोतंत पटलं होतं. 'तुमचं मूल संवेदनशील आहे पण भावना लगेच दाखवत नाही, योग्य प्रोत्साहन मिळालं तर पुढे येऊ शकतं.' वहिनी म्हणाली, "एवढं अनोळखी माणसाला कसं कळलं?" बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना स्वभावचाचणी दिली आणि प्रत्येकाला स्वतंत्र निष्कर्ष म्हणून एकच मजकूर वाटला. बराचसा त्यानं ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला. हे तुम्हाला किती लागू पडतं, ५ पैकी गुण द्या म्हटलं, तर सरासरी ४.२६ आली. सगळ्यांना लागू पडणारं वर्णन प्रत्येकाला आपलं वाटतं. वहिनीला मी हे सांगितलं तेव्हा ती दुखावली, आणि मला त्याचं वाईट वाटलं. आपल्या लेकराला कुणीतरी ओळखलं याचा आनंद होता तो. पण त्या आनंदापोटी मुलाला गायन-नाट्याच्या महागड्या क्लासला घालायचं चाललं होतं आणि त्याला स्वतःला त्यातलं काही नको होतं. म्हणून बोलले.

मानसशास्त्रात सगळं असंच चोख असतं का? नाही, आणि मॅडम ते लपवत नाहीत. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञानं विज्ञान कशाला म्हणायचं याची जी कसोटी सांगितली, की सिद्धान्त खोटा ठरू शकेल अशी परिस्थिती आधी सांगता आली पाहिजे, ती कसोटी मनात यायला फ्रॉइड आणि ॲडलर यांचे मनाबद्दलचे सिद्धान्तही कारण झाले होते, कारण माणूस कसाही वागला तरी ते वागणं त्यात बसवता यायचं. म्हणजे सगळं समजावून सांगणारे, कधीच न चुकणारे सिद्धान्त मानसशास्त्राच्याही घरात होऊन गेलेत.

दादानं मोबाइलवर शोधून आणखी एक काढलं. मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले तर निम्मेसुद्धा जमले नाहीत. "बघ तुझं शास्त्र." मी तो प्रश्न तसाच शेवटच्या बैठकीत मॅडमपुढे ठेवला. त्या चिडल्या नाहीत, सावरासावरही केली नाही. २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ते छापून आलं, म्हणाल्या. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत ठोस निष्कर्ष होता, पुन्हा केल्यावर फक्त ३६ टक्क्यांत आला. मग म्हणाल्या, "हे कुणी शोधलं बघा. मानसशास्त्राच्याच लोकांनी. आपल्याच विषयाचे अभ्यास उचलून, पुन्हा करून, जमले नाहीत ते जाहीर छापले. त्यानंतर प्रयोगाआधी अंदाज नोंदवून ठेवायची आणि नमुने मोठे घ्यायची पद्धत वाढली." घरी येऊन हे दादाला सांगितलं. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयातून आंधळं सँपल, म्हणजे ज्याचा आकडा आम्हाला सांगितलेला नसतो असं, मागवून आम्ही आमचे आकडे तिकडे पाठवतो आणि चुकलो की पत्र येतं, तेव्हा कुणी म्हणत नाही की लॅब बंद करा. पत्र येतं म्हणूनच लॅबवर विश्वास ठेवायचा. ठशांच्या कंपनीनं आपला एक तरी फसलेला रिपोर्ट छापलेला मला दाखवा.

लेकीचा रिपोर्ट फक्त सहा पानांचा. एकही रंगीत चित्र नाही. प्रत्येक क्षमतेपुढे एक आकडा नाही, पट्टा आहे: भाषिक क्षमता शतमान ७० ते ८४, अवकाशीय ४० ते ५८, असं. पट्टा का, तर पुन्हा परीक्षा घेतली तर आकडा त्यात कुठेही पडू शकतो. चाचणीचं नाव, नॉर्म्स (ज्यांच्याशी मुलाचा आकडा ताडतात ते आकडे) कुठल्या वयाच्या आणि कुठल्या माध्यमाच्या मुलांवर काढलेत ते, तारीख, वेळ, हलगीचा प्रसंगसुद्धा लिहिलाय. शेवटच्या पानावर 'हा रिपोर्ट कशासाठी वापरू नये' असा परिच्छेद आहे. त्यात लिहिलंय की यावरून मुलीचा स्वभाव, मेहनत किंवा यश सांगता येत नाही. आणि एक वाक्य मॅडमनी पेनानं वाढवलं: "बारावीपर्यंत संख्याशास्त्राचा भाग हिला इतर विषयांपेक्षा जड जाऊ नये असा माझा अंदाज आहे. गेला तर कळवा, मी माझ्या नोंदीत हा अंदाज चुकला असं लिहीन." वर्षभरानं फोन करू का, अशी लेखी परवानगीही घेतली. जुन्या मुलांचे अंदाज किती खरे ठरले याचं रजिस्टर त्या ठेवतात. विचारलंत तर दाखवतात, नावं झाकून.

आणखी एक बरं वाटलं. लेकीला परीक्षेच्या आधी छातीत धडधडतं, हे मी बोलता बोलता सांगितलं. त्यावर औषधपाणी किंवा उपाय सुचवण्याऐवजी त्या म्हणाल्या, हे वाढलं तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा, आणि जाताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते बघा. ते माझं काम नाही, असंही म्हणाल्या.

आता कापलेला तारा. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं एकाच बाकावर बसतात. भाषिक चाचणीचे नॉर्म्स मराठी माध्यमाचे आहेत, म्हणून घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलाचा भाषिक आकडा कमी आला तर तो क्षमतेमुळे की घरच्या भाषेमुळे हे वेगळं काढता येत नाही. मॅडम अशा मुलांना रेव्हनची आकृत्यांची, शब्दाविना सोडवायची चाचणी देतात आणि भाषिक आकडा रिपोर्टमध्ये घालतच नाहीत. तेवढं प्रामाणिक आहे, पण पुरेसं नाही. पॅरिसला १९०५ मध्ये तयार झालेली बिने यांची चाचणी धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकातच मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्यानं बसवली होती. इतक्या वर्षांपूर्वी जे जमलं ते सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू मुलांसाठी आता व्हायला हवं. एकट्या केंद्राचं ते काम नाही, हजारो मुलांवर चाचणी घ्यावी लागते, विद्यापीठानं हात लावायला हवा. तरी केंद्राच्या पाटीवर 'सर्व माध्यमांच्या मुलांसाठी' असं लिहिलंय, ते आत्ता तरी खरं नाही. पाटी बदलावी. मी हे मॅडमना तोंडावर सांगितलंय आणि त्यांनी मान्य केलंय.

दुसरी छोटी तक्रार: रिपोर्ट मराठीत आहे पण शतमान म्हणजे काय ते कुठेच समजावलेलं नाही. लेकीच्या बाबांना ७० शतमान म्हणजे ७० टक्के मार्क वाटले. शंभर मुलांत साधारण सत्तर जणांपेक्षा वर, एवढं एक वाक्य छापलं तर बैठकीतली दहा मिनिटं वाचतील.

जाणाऱ्यांसाठी: निकालानंतर गर्दी उसळते, म्हणून परीक्षा संपल्या संपल्या, एप्रिलमध्येच वेळ घ्या. फोनवर वेळ मिळते, सकाळची. मुलानं रात्री नीट झोपून, खाऊन यावं. चष्मा विसरू नये. आईवडिलांपैकी एकानंच यावं, दुसरी खुर्ची नाही. घरात मराठी सोडून दुसरी भाषा बोलत असाल तर ते पहिल्याच बैठकीत सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका. आणि ती कार्डं बघायची असतील तर तसं सांगावं लागतं, त्या आपणहून काढत नाहीत. दादा पुढच्या महिन्यात भाच्याला घेऊन जाणार आहे. मी त्याला एवढंच सांगून ठेवलंय की पहिल्या बैठकीत तो स्पायरल रिपोर्ट मॅडमना दाखवू नकोस. आधी त्यांना त्यांचं काम करू दे, मग दोन्ही शेजारी ठेवून बघू.